कराराच्या मध्यावर अटी बदलल्या, तर मोबाइलचा करार दंड न भरता सोडता येतो का? (ब्रिटन)

सारासार (धागालेखक)

ब्रिटनमधील ओटू या कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या ग्राहकांना कळवले की, एप्रिल २०२६ मध्ये त्यांच्या मासिक बिलात होणारी वाढ करारात लिहिलेल्या १.८० पौंडांऐवजी २.५० पौंड असेल. फरक अवघ्या सत्तर पेन्सचा होता. नियामक संस्था ऑफकॉमने त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली आणि वृत्तपत्रांतही बरीच टीका झाली. आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत मात्र चर्चा 'सगळेच महागले' यापलीकडे गेली नाही. खरे तर त्या सूचनेबरोबर ग्राहकाच्या हाती एक मौल्यवान गोष्ट आली होती. तीस दिवसांच्या आत, मुदतपूर्व समाप्तीचे शुल्क न भरता, सेवेचा उरलेला संपूर्ण करार सोडून देण्याचा हक्क त्याला मिळाला होता. अशी पत्रे पुढेही येत राहतील, म्हणून हा धागा.

हा हक्क कुठून येतो हे समजले, तर आलेले पत्र वाचणे सोपे जाते. ऑफकॉमने २३ जानेवारी २०१४ पासून लागू केलेल्या धोरणानुसार, ग्राहकाने करार करताना मान्य न केलेली दरवाढ कंपनीने मध्येच केली, तर तिला किमान एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते आणि ग्राहकाला विनाशुल्क बाहेर पडू द्यावे लागते. कंपन्यांनी यातून काढलेली पळवाट कायद्याच्या दृष्टीने निर्दोष आणि ग्राहकाच्या दृष्टीने संतापजनक होती. त्यांनी दरवाढीचे सूत्रच करारात लिहून टाकले. आधी ते महागाई निर्देशांकाइतके होते. २०२१ च्या सुमारास त्यावर ३.९ टक्क्यांची भर पडली. डिसेंबर २०२२ चा ग्राहक किंमत निर्देशांक १०.५ टक्के निघाला, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये अनेकांची बिले १४.४ टक्क्यांनी वाढली. ओटूचे सूत्र किरकोळ किंमत निर्देशांक या महागाईच्या दुसऱ्या मापाला बांधलेले असल्यामुळे तिथे ही वाढ १७.३ टक्के झाली. एवढी वाढ सोसूनही तेव्हा कोणाला करार सोडण्याचा हक्क मिळाला नाही, कारण ते सूत्र प्रत्येकाने सही करताना मान्य केलेले होते. आणि २०२५ मध्ये सत्तर पेन्ससाठी तो मिळाला, कारण ते सत्तर पेन्स करारात नव्हते. म्हणून वाढ किती झाली, हा प्रश्न इथे दुय्यम आहे. ती आपण आधी मान्य केली होती की नाही, हे पाहावे लागते.

१७ जानेवारी २०२५ पासून केलेल्या नव्या करारांत महागाईला बांधलेले किंवा टक्केवारीतले सूत्र लिहिता येत नाही. वाढ किती आणि केव्हा होणार, हे पौंड-पेन्समध्ये आधीच सांगावे लागते. त्याआधीचे करार मात्र जुन्याच सूत्राने चालतात. हा बदल चांगला आहे, पण त्याला एक खोच आहे. सर्वांना सारखीच रक्कम वाढवल्यामुळे स्वस्त योजनेवर तिचा भार अधिक पडतो. दहा पौंडांच्या सिम-ओन्ली, म्हणजे फोनशिवाय केवळ सिमच्या योजनेवर अडीच पौंड म्हणजे तब्बल पंचवीस टक्के होतात. चाळीस पौंडांच्या योजनेवर ते सव्वासहा टक्केच भरतात.

हा हक्क केवळ दरवाढीपुरता नाही. डेटा कमी करणे, समाविष्ट असलेली एखादी सेवा काढून घेणे, असे ग्राहकाच्या हिताविरुद्ध जाणारे बदलही त्यात येतात. अपवाद तीन आहेत: केवळ ग्राहकाच्या फायद्याचा बदल, ग्राहकावर काहीही विपरीत परिणाम न करणारा निव्वळ प्रशासकीय बदल, आणि कायद्याने थेट लादलेला बदल, उदाहरणार्थ मूल्यवर्धित कराच्या दरातील फेरफार.

करार सोडायचे ठरले, तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी कंपनीला लेखी कळवावे की, अमुक तारखेच्या आपल्या सूचनेनुसार मी करार संपवत आहे आणि समाप्तीचे शुल्क लागू होणार नाही याची खात्री द्यावी. ते उत्तर जपून ठेवावे. त्यानंतर क्रमांक कायम ठेवायचा असल्यास पीएसी हा शब्द ६५०७५ वर, आणि क्रमांकही नको असल्यास एसटीएसी हा शब्द ७५०७५ वर एसएमएस करून संकेतांक मागवावा. ही एसएमएसची पद्धत १ जुलै २०१९ पासून सुरू आहे. संकेतांक तीस दिवस चालतो, आणि तो नव्या कंपनीला दिल्यावर एका कामकाजाच्या दिवसात क्रमांक हलतो. नुसता संकेतांक मागवल्याने करार संपत नाही, तो वापरल्यावरच संपतो. त्यामुळे मागवून ठेवला आणि निर्धास्त झालो, असे करू नये.

हिशेबी

माहिती उपयुक्त आहे, पण थोडा थंड डोक्याने हिशेब मांडावा असे वाटते. सत्तर पेन्स म्हणजे वर्षाला ८.४० पौंड. एवढ्यासाठी नवी कंपनी शोधणे, नव्या कंपनीच्या पत-तपासणीला सामोरे जाणे आणि बँकेतून बिल भरण्याची व्यवस्था बदलत बसणे, याला काही अर्थ आहे का? शिवाय नव्या कंपनीच्या करारातही दरवर्षीची वाढ लिहिलेली असणारच. आगीतून फुफाट्यात पडण्यापेक्षा आहे तिथेच राहावे, हे माझे मत.

सारासार

हिशेबीजी, आपली बेरीज बरोबर आहे, पण आपण तोटा मोजलात आणि हक्काची किंमत मोजली नाहीत. समजा, एखाद्याचा वीस पौंडांचा चोवीस महिन्यांचा करार आहे आणि त्यातले चौदा महिने बाकी आहेत. एरवी त्याच्या डोक्यावर २८० पौंडांची बांधिलकी आहे. मध्येच सोडायचे म्हटले, तर शुल्काचा मोठा भाग त्यातूनच निघतो. कंपनीने करारात नसलेले सत्तर पेन्स मागितले की ती संपूर्ण बांधिलकी सुटते. ज्याने दोन वर्षांपूर्वी गरजेपेक्षा मोठी योजना घेतली, ज्याच्या नव्या घरात नेटवर्क येत नाही, किंवा जो आता एकेका महिन्याच्या करारावर जाऊ इच्छितो, त्याच्यासाठी ते पत्र म्हणजे चालून आलेली संधी आहे.

आणि सगळीकडे वाढ लिहिलेली असतेच असे नाही. गिफगाफ, स्मार्टी, व्हॉक्सी, लेबारा यांसारख्या, मोठ्या कंपन्यांचेच मनोरे वापरणाऱ्या सेवांमध्ये एका महिन्याच्या योजना सहज मिळतात. उद्या दर वाढले, तर परवा सोडता येते. तिथे या धाग्याची गरजच उरत नाही. लांब मुदतीच्या करारात राहण्याचे एकमेव सबळ कारण म्हणजे हप्त्यावर घेतलेला फोन, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे.

मोगरा

माझा प्रश्न नेमका तोच आहे. कंपनीचे नाव इथे लिहीत नाही. फोन आणि सेवा असा चोवीस महिन्यांचा करार आहे. युरोपातील रोमिंग योजनेत समाविष्ट होते. आता ईमेल आला आहे की पुढील महिन्यापासून त्यासाठी रोज वेगळे पैसे द्यावे लागतील. ईमेल जाहिरातींच्या कप्प्यात गेल्यामुळे उशिरा वाचला, पण मुदत अजून संपलेली नाही. चॅटवर विचारले, तर 'हा वाजवी वापराच्या धोरणातील बदल आहे, कराराचा नाही, त्यामुळे समाप्तीचे शुल्क लागेल' असे उत्तर मिळाले. माझी बहीण जर्मनीत असल्यामुळे रोमिंग ही माझ्यासाठी चैनीची गोष्ट नाही. फोनचेही बरेच हप्ते बाकी आहेत. काय करावे?

सारासार

मोगराताई, चॅटवरचे उत्तर हे कंपनीचे अंतिम उत्तर नसते, आणि धोरण हा शब्द वापरल्याने करारातील बदल बदल राहत नाही असेही नाही. १७ जून २०२२ पासूनच्या नियमांनुसार करार करण्यापूर्वी ग्राहकाला संक्षिप्त करारसारांश देणे बंधनकारक आहे. एक-दोन पानांचा तो कागद आपल्या त्या वेळच्या ईमेलमध्ये शोधावा. त्यात युरोपातील रोमिंग समाविष्ट असल्याचे लिहिलेले असेल, तर ते काढून घेणे हा आपल्या हिताविरुद्धचा बदल आहे, आणि मी वर दिलेल्या तिन्ही अपवादांपैकी एकातही तो बसत नाही. जर तिथेच 'रोमिंगच्या अटी बदलू शकतात' अशी ओळ असेल, तर कंपनी तिचा आधार घेईल. तरीही अशी मोघम ओळ आणि 'अमुक महिन्यात १.८० पौंड' असे स्पष्ट कलम यांत मोठा फरक आहे, हे तक्रारीत ठासून लिहावे. ईमेलमध्ये बाहेर पडण्याच्या हक्काचा उल्लेखच नसेल, तर तीच तक्रारीची पहिली बाब करावी.

मुदत संपण्याआधी लेखी तक्रार नोंदवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. निर्णय नंतर लागला तरी चालेल, पण आपण मुदतीत हक्क बजावला याची तारीखवार नोंद हवी. फोनवर बोललात, तर लगेच 'आत्ता झालेल्या संभाषणानुसार' असा ईमेल पाठवून ते कागदावर आणावे.

फोनच्या हप्त्यांबाबत आपला करार कोणत्या पद्धतीचा आहे ते पाहावे. एका पद्धतीत सेवेचा करार वेगळा आणि फोनच्या कर्जाचा वेगळा असतो. तिथे हा हक्क सेवेला लागू होतो. कर्ज हे कर्जच राहते. ते बहुधा बिनव्याजी असते आणि केव्हाही एकरकमी फेडता येते, पण सेवा सोडताच काही कंपन्या उरलेली सर्व रक्कम मागतात, तर काही जुन्याच वेळापत्रकाने हप्ते घेत राहतात. आपल्या कर्जकरारात यांपैकी काय आहे हे आधीच वाचावे, नाहीतर पुढच्या महिन्यात बँकेच्या खात्यातून मोठी रक्कम एकदम जाईल. दुसऱ्या पद्धतीत फोन आणि सेवा एकाच करारात बांधलेली असतात. तिथे हक्क संपूर्ण कराराला लागू होतो, मात्र ठेवून घेतलेल्या फोनसाठी कंपनी काही रक्कम मागू शकते. ती कशी काढली याचा लेखी हिशेब मागावा.

नस्ती

एक इशारा द्यावासा वाटतो, विशेषतः भारतातून नुकत्याच आलेल्यांना. रागाच्या भरात बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन डायरेक्ट डेबिट, म्हणजे खात्यातून बिल आपोआप वळते होण्याची सोय, बंद करू नये. पैसे देणे थांबवले म्हणजे करार संपला असे होत नाही. उलट थकबाकी पतनोंदीत जाते आणि ती नोंद सहा वर्षे राहते. इथे नव्याने आलेल्यांची पतनोंद आधीच कोरी असते, आणि पुढे भाड्याचे घर घेताना किंवा गृहकर्ज मागताना मोबाइलच्या तीस-चाळीस पौंडांची ती ओळ आडवी येते. वाद असला तरी अंतिम बिल येईपर्यंत पैसे भरत राहावेत आणि 'ही रक्कम मान्य नसताना भरत आहे' असे लेखी कळवावे. परतावा नंतर मागता येतो, पतनोंद दुरुस्त करून घेणे मात्र जिकिरीचे असते.

तक्रार कंपनीपाशीच अडकली तर पुढचे दार आहे. प्रत्येक कंपनीला मान्यताप्राप्त तंटानिवारण योजनेचे सदस्य असावेच लागते. कम्युनिकेशन्स ओम्बुड्समन आणि सीआयएसएएस या त्या दोन योजना. ग्राहकाला तिथे शुल्क पडत नाही. नियमाने ठरलेली मुदत उलटल्यावर, किंवा 'आमच्याकडून यापुढे काही होणार नाही' अशा अर्थाचे पत्र, ज्याला इथे डेडलॉक लेटर म्हणतात, कंपनीकडून मिळाल्यावर तिथे जाता येते. हे पत्र स्वतःहून मागावे. मागितल्यावर अनेकदा तक्रारच आश्चर्यकारक वेगाने सुटते. ऑफकॉमकडे वैयक्तिक तक्रारी सुटत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे.

म्युनिकवासी

जर्मनीतील स्थिती नोंदवतो, कारण तुलनेतून ब्रिटनमधील मुदत किती तोकडी आहे हे दिसते. १ डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दूरसंचार कायद्याच्या कलम ५७ नुसार कंपनीने एकतर्फी बदल केला, तर त्याची सूचना मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ग्राहकाला करार संपवता येतो. ती सूचनाही बदल लागू होण्याच्या किमान एक आणि जास्तीत जास्त दोन महिने आधी द्यावी लागते. म्हणजे वाढीव बिल एकदा हातात पडल्यावरसुद्धा विचार करायला वेळ उरतो. अपवाद साधारण तेच आहेत.

याच कायद्याने आणखी एक जुना त्रास संपवला. पूर्वी चोवीस महिने संपण्याआधी नोटीस द्यायचे राहिले की करार आणखी एका वर्षाने वाढत असे, आणि इथल्या मराठी मंडळींपैकी क्वचितच कोणी त्यात अडकले नसेल. आता पहिल्या मुदतीनंतर एका महिन्याच्या नोटिशीवर केव्हाही सुटता येते. १ जुलै २०२२ पासून तर संकेतस्थळावरच करार रद्द करण्याचे बटण ठेवणे सक्तीचे आहे. ते दाबल्यावर येणारी पोच सांभाळून ठेवावी, एवढेच पुरते.

कऱ्हाकाठ

चर्चा वाचून प्रश्न पडला. भारतात जुलै २०२४ मध्ये जिओ आणि एअरटेलने ३ तारखेपासून आणि व्होडाफोन-आयडियाने ४ तारखेपासून दर वाढवले, तेव्हा असा कोणताच हक्क कोणी सांगितला नाही. आपल्याकडे नियमच नाही का?

नस्ती

नियम आहे, पण त्याचा घाट वेगळा आहे. आपल्याकडे बहुसंख्य ग्राहक प्रीपेड आहेत, त्यामुळे चोवीस महिन्यांची बांधिलकीच नसते आणि तिच्यातून सुटण्याचा प्रश्नही येत नाही. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या दर-आदेशांनुसार एखादी योजना घेतल्यापासून सहा महिने कंपनीला त्या ग्राहकासाठी तिचे दर वाढवता येत नाहीत; योजनेची वैधता त्याहून मोठी असेल, तर त्या संपूर्ण काळासाठी हे संरक्षण असते. म्हणूनच ३ जुलैपूर्वी वर्षभराचे रिचार्ज करून ठेवणाऱ्यांना जुन्या दराचा लाभ मिळत राहिला. अट बदलल्यावर दार उघडणे ही ब्रिटनची पद्धत. काही काळ अटच बदलू न देणे आणि त्यानंतर दार सताड उघडे ठेवणे ही आपली.

ते दार म्हणजे क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय, जी २० जानेवारी २०११ रोजी देशभर लागू झाली. पोर्ट हा शब्द, एक मोकळी जागा आणि आपला क्रमांक, असा एसएमएस १९०० वर करावा. सध्याच्या कंपनीकडे नव्वद दिवस झालेले असावे लागतात, पोस्टपेड असल्यास देय बिल भरलेले असावे लागते, आणि येणारा संकेतांक बहुतेक राज्यांत केवळ चार दिवस चालतो. एकाच परिमंडळात, म्हणजे दूरसंचार सेवेसाठी आखलेल्या एकाच विभागात, तीन कामकाजाचे दिवस लागतात, परिमंडळ बदलत असल्यास पाच. महाराष्ट्र आणि गोवा हे एक परिमंडळ आहे, मुंबई मात्र स्वतंत्र. त्यामुळे ठाण्याहून पुण्याला आलेल्या माणसाचा क्रमांक कागदोपत्री दुसऱ्या प्रांतात जातो. पोर्ट करताना प्रीपेडची शिल्लक बुडते, हा त्यातला तोटा, म्हणून वैधता संपत आल्यावरच हलावे.

पोस्टपेडचा वाद असेल तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडून तक्रार क्रमांक घ्यावा. तिथे समाधान झाले नाही, तर तीस दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जावे. त्याने ३९ दिवसांत निर्णय देणे अपेक्षित आहे. ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे. दूरसंचार कंपन्या पूर्वी तारयंत्र कायद्याकडे बोट दाखवून तिथून सुटत असत, पण सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन-आयडियाच्या प्रकरणात ग्राहक आयोगाला अशा तक्रारी ऐकण्याचा अधिकार असल्याचे स्पष्ट केले.

मोगरा

सारासारजी, करारसारांश सापडला. त्यात युरोपातील रोमिंग समाविष्ट असल्याचे स्पष्ट लिहिले आहे आणि मोघम ओळ कुठेही नाही. त्याची प्रत जोडून तक्रार केली आणि डेडलॉक लेटर मागितले. आता लेखी उत्तर आले आहे की सेवेच्या करारासाठी समाप्तीचे शुल्क घेतले जाणार नाही. चॅटवर सांगितलेल्या धोरणाचा त्यात उल्लेखही नाही. फोनचे कर्ज मात्र वेगळ्या कराराचे निघाले. सेवा सोडल्यास उरलेले हप्ते एकरकमी भरावे लागतील. एवढी रक्कम या महिन्यात काढणे मला सोयीचे नाही. मुदत संपण्यापूर्वी काय करता येईल?

हिशेबी

मोगराताई, इथे माझा थंड हिशेब कामी यावा. आपल्याकडे शुल्कमाफीचे लेखी उत्तर आहे, म्हणजे जाण्याची धमकी खरी आहे आणि कंपनीला ते ठाऊक आहे. त्यांच्या ग्राहक टिकवून ठेवणाऱ्या विभागाशी बोलावे आणि युरोपातील रोमिंग पूर्ववत द्या, किंवा सेवेची योजना सर्वांत स्वस्त पातळीवर आणा, असे दोन पर्याय ठेवावेत. दुसरा मिळाला, तर तीच किमान योजना फोनचे हप्ते फिटेपर्यंत चालू ठेवावी आणि प्रवासासाठी वेगळे ई-सिम घ्यावे. मात्र नवा चोवीस महिन्यांचा करार ते गळ्यात मारायला पाहतील, त्याला होकार देऊ नये. फोनवर नकळत होकार गेलाच, तर दूरध्वनीवरून केलेल्या नव्या करारातून चौदा दिवसांत माघार घेता येते.

सारासार

सहमत. फक्त ही बोलणी मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नयेत. पीएसी आत्ताच मागवून ठेवावा. न वापरल्यास तो आपोआप रद्द होतो आणि करारावर काहीही परिणाम होत नाही. त्या एसएमएसच्या उत्तरात समाप्तीच्या शुल्काची रक्कमही येते. ती शून्य नसेल, तर आलेले लेखी उत्तर दाखवून आधी ती दुरुस्त करून घ्यावी, आणि मगच संकेतांक वापरावा.